माकडटोपीतला क्षेत्ररक्षक

जर्मनीत आखनमध्ये मी ज्या घरी राहत होतो तिथे वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत मी आणि दुसरीत एक आयरिश पोरगा. पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघंही एकाच इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांवर काम करत होतो आणि दोघांचंही जर्मन सारखंच वाईट होतं, त्यामुळे मैत्री व्हायला वेळ लागला नाही. त्याचे केस इतके तांबडे होते की संध्याकाळी जिन्यावरचा दिवा लागलेला नसला तरी तो येतोय हे कळायचं.

रोज सकाळी तो मागच्या अंगणात चेंडू भिंतीवर उंच मारायचा आणि परत येताना उडी मारून डोक्याच्या वर दोन्ही हातांत झेलायचा. मग चेंडू हातात धरून चार पावलं पळायचा, तो पायावर सोडायचा आणि पायाने पुन्हा हातात उडवून घ्यायचा. आमच्या घरमालकीणबाई खिडकीतून आपल्या जिरेनियमच्या कुंड्या मोजत बसायच्या. मी म्हटलं, ''फुटबॉल वाटतं?'' त्यावर त्याने असा चेहरा केला की जणू मी त्याच्या घराण्याची अब्रू काढली असावी.

हा गेलिक फुटबॉल. आयर्लंडचा आपला स्वतःचा खेळ. त्यात चेंडू हातातही घेता येतो, फक्त चार पावलांपेक्षा जास्त पळायचं असेल तर तो असा पायावरून हातात घ्यावा लागतो. पैसा कुणाला मिळत नाही. माणूस आधी गावाकडून खेळतो आणि नशीब जोरावर असेल तर जिल्ह्याकडून. आमच्या या पोराला त्या वर्षी पहिल्यांदाच जिल्ह्याच्या मोठ्या संघात घेतलं होतं आणि ऑगस्टमध्ये सुट्टीला घरी जाऊन तो सामना खेळणार होता. खोलीत संघाचा शर्ट खिळ्याला टांगलेला होता. तो धुवायलासुद्धा घरमालकीणबाईंच्या हाती देत नसे. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीविषयी तो इतका गंभीर झालेला मी पाहिला नाही. मुलींविषयीही नाही.

त्या खेळाच्या संस्थेचा एक नियम होता. तो ऐकला तेव्हा मला ती थापच वाटली. इंग्रजांचे खेळ खेळायचे नाहीत. साधा फुटबॉल नाही, रग्बी नाही, हॉकी नाही आणि क्रिकेट तर नाहीच नाही. नुसतं बघायला गेलं तरी गुन्हा. म्हणे कोटाची कॉलर वर करून माणसं इंग्रजी खेळांच्या मैदानाच्या कडेला उभी राहतात आणि आपल्यातलं कोण आलंय ते हेरतात. सापडला की संघातून बाहेर. मला हे फारच विनोदी वाटलं. आपण इंग्रजांना घालवलं आणि क्रिकेट ठेवून घेतलं, यांनी मात्र त्यांना जाताना सामानात क्रिकेटही बांधून दिलं.

आणि नेमकं आमचं अडलं ते क्रिकेटपाशीच. गावाबाहेरच्या कुरणात आम्ही भारतीय विद्यार्थी शनिवारी खेळायचो. नारळाच्या काथ्याची मॅट आमच्या कप्तानाने कुठून मिळवली होती ते त्यालाच ठाऊक. कप्तान कोल्हापूरचा, डॉक्टरेट करत होता, पण त्याचा जीव प्रबंधापेक्षा बॅटिंग ऑर्डरमध्ये जास्त. त्या जूनमध्ये त्याने युद्धापासून जवळच ठाण मांडलेल्या ब्रिटिश छावणीतल्या सैनिकांच्या संघाला सामन्याचं आव्हान दिलं, आणि आदल्या दिवशी आमचा एक गडी तोंडी परीक्षा लागली म्हणून गळाला. दहा उरले.

कप्तान तडक आमच्या खोल्यांवर आला आणि आयरिशच्या समोर बसला. मला मराठीत म्हणाला, ''याला रोज अंगणात बघतो ना रे मी. असले कॅच आपल्याकडं कोण घेतंय? उद्या ह्याला बाउंड्रीवर टाकू.''

''तो खेळणार नाही. त्यांच्यात पाप आहे ते.''

''खेळू नको म्हणावं. नुसता उभा राहा म्हणावं.''

मग इंग्रजीत वाटाघाटी सुरू झाल्या. कप्तानाचा मुद्दा असा की बॅट हातात घेतली तर ते क्रिकेट, चेंडू टाकला तरी क्रिकेट, पण कुरणात उभं राहणं हा कुठलाच खेळ नव्हे, गाईसुद्धा उभ्या राहतात. आयरिश चेंडू या हातातून त्या हातात घेत बसला. मोहात पडलेला माणूस मला लगेच ओळखू येतो, कारण मी स्वतः तसाच आहे. शेवटी त्याने आपली अट सांगितली. बॅटिंग नाही, बोलिंग नाही, आणि चेंडू जमिनीवरून आला तर तो बोटसुद्धा लावणार नाही.

''आणि हवेतून आला तर?'' कप्तान म्हणाला.

''हवेतून आलेला झेलणं हा आमचा खेळ आहे,'' तो म्हणाला. ''त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही.''

''गेनाऊ! अगदी बरोबर!'' म्हणत कप्तानाने त्याचा हात हातात घेऊन हलवला.

आता भीती एकाच माणसाची होती. सीमेपलीकडे बेल्जियममध्ये एक आयरिश फादर राहायचे. ते आयरिशच्याच जिल्ह्यातले, आणि तिकडे असताना पोरांचे संघ निवडायचे. दर रविवारी सायकलने आखनला येऊन त्याची विचारपूस करत. त्यांच्या तोंडून एक शब्द घरी गेला असता तर ऑगस्टच्या सामन्याचं नाव काढायला नको. सामना शनिवारी होता, त्यामुळे तशी चिंता नव्हती, पण चोराच्या मनात चांदणं. लाल केस तर अर्ध्या मैलावरून दिसले असते. तेव्हा मी ट्रंकेतून माझी माकडटोपी काढली. जर्मनीत थंडीने पोरगं गारठेल म्हणून आईने विणलेली, तपकिरी, डोळे आणि नाक सोडून सगळं झाकणारी.

जूनच्या उन्हात कुरणाच्या कडेला, पॉपलरच्या झाडांजवळ, माकडटोपी घातलेला सहा फुटी माणूस उभा आहे हे दृश्य सैनिकांना कसं वाटलं असेल कोण जाणे. त्यांच्या सार्जंटने विचारलं तेव्हा कप्तान म्हणाला, ''हिमालयाकडचा आहे. तिकडे पद्धत आहे.''

आमची बॅटिंग झाली. आयरिश बॅटला हात लावायला तयार नसल्यामुळे नऊ गडी बाद होताच आमचा डाव आटोपला. मग फिल्डिंग. पहिलाच फटका त्याच्या बाजूला गेला, जमिनीवरून, अगदी पायाजवळून. त्याने पाय बाजूला घेतला आणि चेंडूला वाट करून दिली. चार धावा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कप्तान मैदानाच्या मधोमध उभा राहून कोल्हापुरी भाषेत जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. सैनिकांना वाटलं तो आपल्या फटक्याचं कौतुक करतोय, त्यांनी टोप्या हलवल्या.

सामना शेवटच्या जोडीवर आला. त्यांना चारच धावा हव्या होत्या आणि समोर सार्जंट होता. आमचा चेंडू आखूड पडला आणि सार्जंटने तो आभाळात भिरकावला. वर जाऊन तो झाडांच्या दिशेने खाली यायला लागला. सीमेबाहेर पडला असता तर संपलंच होतं. आयरिश तीन-चार ढांगा मागे गेला, एक गुडघा पुढे घेऊन हवेत उठला आणि त्याने डोक्याच्या कितीतरी वर दोन्ही हातांत तो चेंडू धरला. इतका सुंदर झेल मी नंतर कधी पाहिलेला नाही.

आम्ही ओरडत सुटलो. तिथेच थांबला असता तर किती बरं झालं असतं. पण त्याच्या अंगात लहानपणापासून जे भिनलं होतं त्याने आता ताबा घेतला. तो खाली आला तो पळतच आला. एक, दोन, तीन, चार पावलं, आणि मग चेंडू हातातून सोडून त्याने पूर्ण ताकदीने लाथ मारली. पायात कॅनव्हासचे बूट होते. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय ते शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलं होतं, पण कुणी करताना पाहिलं ते त्या दिवशी. चेंडू विकेटांवरून पलीकडे गेला आणि आयरिश खाली बसला.

तिकडे बाद की नाबाद यावर जुंपली. इकडे मी धावत त्याच्याकडे गेलो. वेदनेने त्याने टोपी उपटून फेकली होती, केस उन्हात पेटल्यासारखे दिसत होते आणि बुटातला पाय डोळ्यांदेखत फुगत होता. त्याचं लक्ष मात्र पायाकडे नव्हतं. तो झाडांकडे बघत होता. तिथे सायकल धरून काळ्या झग्यातले फादर उभे होते.

झालं होतं ते इतकंच. फादरना रविवारी दुसरीकडे काम निघालं म्हणून ते शनिवारीच आले. आमच्या घरमालकीणबाई खोटं बोलण्याच्या भानगडीत आयुष्यात पडल्या नव्हत्या. सगळे लाकडी फळ्या घेऊन कुरणात गेले आहेत असं सांगून त्यांनी फाटकापर्यंत येऊन रस्ताही दाखवला.

फादर जवळ आले. त्यांनी आयरिशला उचलून आपल्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि आम्ही दोघांनी ती सायकल ढकलत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, ''तर मग, कसं झालं हे?'' मी म्हणालो जिन्यावरून पडला. फादर शांतपणे म्हणाले, ''पोराने काहीतरी फार टणक वस्तूला लाथ मारली, डॉक्टरसाहेब.'' अंगठ्याचं हाड आणि त्याच्या मागचं एक हाड अशी दोन मोडली होती.

''खेळायचं कधी?'' आयरिशने विचारलं.

''पुढच्या वर्षी,'' डॉक्टर म्हणाले.

तो रडला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला अतिशय वाईट वाटलं आणि कप्तानाचा राग आला. प्लास्टर घालून झाल्यावर आयरिश फादरना म्हणाला, ''आता कळवून टाका घरी. आता काय फरक पडतो.''

''काय कळवू?'' फादर म्हणाले. ''असल्या सामन्याला हजर राहणं हाही गुन्हाच आहे. त्या अर्थी मी तिथे असणं शक्यच नाही. मी झाडांखाली प्रार्थना म्हणत होतो. तू जिन्यावरून पडलास असं तुझा मित्र म्हणतोय, आणि तो मला सभ्य दिसतो.''

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि मला हळूच विचारलं, ''बाद दिला का हो शेवटी?''

दिला होता. सायकल ढकलताना मी मागे वळून अंपायरचं वर गेलेलं बोट पाहिलं होतं. आम्ही तीन धावांनी जिंकलो होतो.

जिल्ह्याच्या संघात त्याची जागा रिकामी झाली ती त्याच्या पाठच्या भावाला मिळाली. दोन वर्षांनी लहान, घरीच राहून शेती बघणारा. ऑगस्टमध्ये आयरिश काठी टेकत घरी गेला आणि सप्टेंबरात परतला. आल्या दिवशी मी चहा केला. त्याच्या खोलीतला खिळा मोकळा होता. शर्ट भावाला दिला, तो म्हणाला.

''मग, कसा खेळला तो?'' मी विचारलं.

''चांगला.''

त्याने कपातला चहा ढवळला. मग म्हणाला, ''शेवटी शेवटी एक चेंडू खूप उंच आला. तो उडी मारायला वाकला, आणि बाबा माझ्या शेजारी उभे राहून त्याचं नाव घेऊन ओरडत होते. मीही ओरडत होतो. माझा सख्खा भाऊ. आणि ओरडताना मला मनातून वाटत होतं, सुटू दे त्याच्या हातून.''

मी त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

''सुटला नाही,'' तो म्हणाला.