व्हायोलावाल्याचा फोटो

चूक माझी होती. छापखान्याची नव्हती, फोटोग्राफरची नव्हती, आणि मंडपवाल्याची तर मुळीच नव्हती. बरीच वर्षं मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

नव्वदच्या दशकात वसईत आमचा चार वाद्यांचा एक गट सुरू झाला. आमच्याकडे चर्चमध्ये आणि लग्नांत व्हायोलिन वाजवणारे पुष्कळ. पण गाणारा नाही, ढोलकी नाही, चौघांनी समोरासमोर बसून फक्त गजाची वाद्यं वाजवायची, ही कल्पना आमच्या सरांची. सर बोटीवरच्या बँडमध्ये उभा जन्म काढून गावी परतले होते. पहिलं व्हायोलिन त्यांचं, दुसरं माझं. मी बँकेत कारकून, आचोळ्याला फ्लॅट. चेलो, म्हणजे जवळजवळ माणसाएवढं थोरलं व्हायोलिन, बोळिंजच्या एका शिक्षिकाबाईंकडे. त्या शेअर रिक्षात त्याला आतल्या बाजूला बसवत. एकदा रिक्षावाल्याने त्या वाद्याकडे बघून विचारलं, हे कुठे उतरणार? बाई शांतपणे म्हणाल्या, माझ्याबरोबरच.

चौथा व्हायोलावाला. गास गावचा, घरची फुलशेती. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या आवाजाचा. तो वाजत असतो तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही. थांबला की काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. माणूसही तसाच. दर रविवारी दुपारी शाळेच्या वर्गात, पहिलीच्या मुलांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन तो मुकाट वाजवायचा. घरात लहान मुलं बरीच, म्हणून व्हायोला शाळेच्या कपाटातच राहायचा. किल्ली माझ्याकडे, कारण मी गटाचा चिटणीस होतो.

त्यामुळे झालं असं, की त्याच्या बायकोने ते वाद्य कधी पाहिलंच नव्हतं. नवरा दर रविवारी जेवून निघतो, रिकाम्या हाताने जातो, रिकाम्या हाताने येतो आणि विचारलं तर सांगतो, व्हायोला वाजवायला गेलो होतो. गावात हा शब्दच कुणी ऐकलेला नव्हता. त्याच्या आईचं म्हणणं, मुलगा पत्ते खेळतो. बायकोचं म्हणणं तिने कुणाला सांगितलं नाही, आणि त्याला भीती त्याचीच होती.

दहा वर्षं झाली तेव्हा आम्ही कार्यक्रम ठरवला आणि एक स्मरणिका छापायची ठरली. गटाचा इतिहास मी लिहिणार होतो, आणि मधल्या पानावर चौघांचा फोटो, खाली नावं. नेमकं कार्यक्रमाच्याच दिवशी व्हायोलावाल्याच्या बायकोच्या भाचीचं डहाणूला लग्न. सगळं घर गेलं, हा राहिला. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालंच. त्याने बायकोला एवढंच सांगितलं होतं, पुस्तक छापून आलं की तुझ्या हातात देतो, त्यात बघ.

फोटो कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी काढायचा होता. पाच वाजता. फोटोग्राफरला संध्याकाळी एका बारशाला जायचं होतं, म्हणून त्याने चारची वेळ केली. मी सरांना सांगितलं, बाईंना सांगितलं. व्हायोलावाल्याला सांगायचं विसरलो.

साडेचारला फोटोग्राफर आवराआवर करू लागला. मी धीटपणे खोटं बोललो की व्हायोलावाल्याचाच निरोप आहे, माझ्यासाठी थांबू नका. सर म्हणाले, तिघांचा फोटो कसला, चार हवेत. मंडपवाला तेवढ्यात खुर्च्या किती लागतील ते बघायला आला होता. भरघोस मिशांचा, धिप्पाड. मी कपाट उघडून व्हायोला त्याच्या हाती दिला. त्याने तो लहान बाळासारखा खांद्यावर घेतला आणि असा रुबाबात बसला की चौघांत खरा वादक तोच वाटावा. पाचला व्हायोलावाला आला तोवर सगळे गेले होते; फोटोग्राफर लवकर गेला, तुझा फोटो नंतर वेगळा काढून चिकटवू, असं मी त्याला सांगितलं. तेही विसरलो.

स्मरणिका आली. नाव व्हायोलावाल्याचं, तोंड मंडपवाल्याचं. मी छापखान्यावर ढकललं. व्हायोलावाला म्हणाला, होतं असं. त्याच्या गावात मात्र त्या दाढीमिशी सफाचट केलेल्या माणसाला सगळे ‘मिशीवाले’ म्हणू लागले. मंडपवाल्याने नवीन कार्डं छापली: मंडप, खुर्च्या, व्हायोला.

आणखी तीन-चार वर्षं आम्ही वाजवलं. मग सर लेकीकडे राहायला गेले आणि गट संपला. शाळेने कपाट रिकामं करायला सांगितलं. व्हायोला पोचवायला मला गासला जावंच लागलं.

दार वहिनींनी उघडलं. मी म्हटलं, तुमच्या नवऱ्याबरोबर वाजवायचो. त्यांनी मला निरखून पाहिलं.

“तुमचं तोंड तरी तुमचंच ना?”

आत जाऊन त्या स्मरणिका घेऊन आल्या. मंडपवाल्याच्या डोक्यावर त्यांनी नवऱ्याचा ओळखपत्राचा फोटो कापून चिकटवला होता. धिप्पाड अंगावर सुपारीएवढं डोकं, आणि दोन्ही बाजूंनी मिशीची टोकं बाहेर. “पावन्यांना दाखवायला लागतं,” त्या म्हणाल्या. “मी इस्वास ठेवला. पन हा मानूस कोन, ते यांनी कधी सांगितलं नाय.”

तो माणूस फोटोत कसा आला, हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? व्हायोलावाला बाहेर आला, पेटीतून व्हायोला काढून ओटीवर बसला आणि घरात पहिल्यांदाच वाजवू लागला. एकट्या व्हायोलाचा भाग म्हणजे तेच दोन सूर, बराच वेळ. मग तिसरा. मग पुन्हा तेच दोन.

वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. “यासाठी माझ्या भाचीचं लगीन चुकवलं?” पण त्या हसत होत्या, आणि तोही. मला ते सहन होईना.

“वहिनी, छापखान्याची काही चूक नव्हती,” मी म्हटलं. “वेळ बदलली ती मी याला सांगितलीच नाही. त्या माणसाला मीच बसवलं, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा.” त्याच्याकडे वळून म्हटलं, “तूही.”

तो गजाला राळ घासत राहिला. वहिनींनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

“सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांना पन सांगा. पत्त्यांचं त्याच म्हनत होत्या.”

मी आत गेलो, म्हातारीच्या कानाशी वाकलो आणि शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सगळं सांगून पुन्हा माफी मागितली.