महिपतचा फोकस

मराठी-तेलुगू सीमेवरच्या मुधोळच्या महिपतची बोटं कधी स्वस्थ नसत. जेवायला बसला तरी ताटाची कड अशी फिरवायचा, की याला वरणभातही अंधूक दिसतोय की काय! बाप लोकांच्या वावरात राबला. पोरगा शिकला आणि सरकारी कुष्ठरोग पथकात लागला. ही सत्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. काम असं, की प्रोजेक्टर आणि स्लाईडची पेटी घेऊन बसनं गावोगाव जायचं, शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करायचा, भिंतीवर चादर ताणायची आणि अंगावरचा चट्टा कसा ओळखायचा ते लोकांना दाखवायचं. फिकट, बधिर चट्टा वेळेवर ओळखला तर माणूस गोळ्यांनी बरा होतो. नाही ओळखला तर पुढं हातापायाची बोटं झडतात. म्हणून चित्र स्वच्छ दिसलंच पाहिजे, हे महिपतच्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि त्यापायी त्याच्या जिवाला चैन नव्हती.

चित्र मात्र जागेवर राहील तर शपथ. दिव्याच्या उष्णतेनं पुठ्ठ्याच्या चौकटीतली फिल्म फुगायची, की गेला फोकस. महिपत भिंग पुढं-मागं फिरवायचा. जमलं म्हणेपर्यंत वाऱ्यानं चादर हलायची.

त्या पावसाळ्यात नार्नूरच्या शाळेत तर फजितीच झाली. ओलीनं स्लाईडवर बुरशी चढलेली. पाठीवरच्या चट्ट्याची स्लाईड लावली, तर चादरभर डागच डाग.

“ह्याचं तं सारं आंगच चट्ट्याचं हाय!” कोणीतरी म्हणालं आणि वर्गभर हशा पिकला.

महिपत बोट दाखवत “चट्टा, चट्टा” आणि तेलुगूवाल्यांसाठी “मच्चा, मच्चा” ओरडत राहिला, पण दाखवणार काय, कपाळ! परतीच्या बसमध्ये एकच विचार त्याला कुरतडत होता. त्या हसणाऱ्यांत एखादा असेल. तो चट्टा शर्टाखाली घेऊन तसाच घरी गेला असेल.

“फोटोवर डाग पडले. कोणाले काई साफ दिसून नाई राह्यलं,” असं घरी बायकोवर, द्वारकाबाईवर, तो उगाच खेकसला. दुसऱ्या दिवशी काचेच्या चौकटी मिळतात का ते पाहायला भैंशाच्या फोटोवाल्याकडे गेला. तिथं चौकटी नव्हत्या. दुपारी हात हलवत परत आला.

अंगणात सुपात स्लाईडी वाळत होत्या. फोटो धुवायला देतात, हे द्वारकाबाईनं सगळ्यांच्या तोंडून ऐकलेलं. मग घरचे फोटो घरीच धुतले तर काय बिघडलं? तिनं सगळे धुऊन काढले होते.

महिपतनं पाठीची स्लाईड उचलून उन्हात धरली. चट्ट्याच्या जागी रंगच निघून गेला होता. पाठीला पांढरं भोक.

“हे काय करून ठेवलं तू!”

“तुमीच म्हणे ना डाग पडले. बाकीचे पटपट निघाले. पाठीवरचा तेवढा निघेना, मंग रिठ्यानं घासला.”

“अवं, तो डाग खरा होता!”

“खरा डाग असा घासून जाते थोडाच,” ती फणकारली. “माह्या दंडावरचा वरीस झालं घासून राह्यले. जाते का?”

महिपतचा राग जागच्या जागी विझला. “दाखव,” तो म्हणाला.

तिनं कोपरापर्यंतची बाही वर ओढली. रुपयाएवढा, फिकट. याला भिंग नको होतं, फोकस नको होता. गावोगावच्या परक्या पाठी निरखणाऱ्यानं घरचा हात वर्षभर पाहिला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यानं उशीची शिवण उसवून चिमूटभर कापूस काढला, त्याचं टोक वळलं. “डोळे मीट. कापूस लागला की सांग.”

त्यानं तिच्या तळहाताला कापूस लावला. “लागला.” मनगटाला लावला. “लागला. गुदगुल्या होतेत नं,” ती हसली.

मग त्यानं चट्ट्यावर टेकवला. हळूच फिरवला. पुन्हा फिरवला. कापूस फिरतच होता.

द्वारकाबाई डोळे मिटून वाट पाहत होती.

“लावा नं,” ती म्हणाली. “काऊन थांबले?”