डाव्या सीटखालचं पाणी

स्वस्तातली का होईना, पण उंच गाडी हवी, हा हट्ट माझा. जुन्या लहान गाडीत बसायचं म्हणजे माझ्या बायकोला जवळजवळ जमिनीवर टेकावं लागे, आणि उतरताना दार धरून दोनदा दम खावा लागे. तिला दमा होता, साखर होती. दर पंधरा दिवसांनी पणजीला डॉक्टरांकडे न्यावं लागे. मी तेव्हा नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं. कुठलीही गोष्ट करायची ती आधी वाचून, ही सवय हाडात मुरलेली. गाडी घेण्याआधी तीन महिने मी रोज सकाळी संगणकासमोर बसून त्या गाडीच्या मालकांचे अनुभव वाचत होतो. क्लच किती दिवस टिकतो, एसी लावला की मायलेज कितीने उतरतं, मागे तिसरा माणूस खरोखर मावतो की नुसता जाहिरातीत मावतो, सगळं वहीत उतरवून घेतलं. एका मालकाने लिहिलं होतं की पावसात डाव्या दाराच्या रबरातून पाणी आत येतं. ते मी तांबड्या शाईने लिहिलं.

"आयकलें?" बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुमचें वाचून केन्ना सोंपतलें? तोमेरेन हांव कितें, पुस्तकार बसून दोतोरागेर वचूं?" तोवर पुस्तकावर बसून डॉक्टरांकडे जाऊ का, असा तिचा टोमणा.

शेवटी गाडी आली. पांढऱ्या रंगाची. डिचोलीत पांढरी गाडी घेणं हा शहाणपणा नव्हे, हे शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आमचं घर आमोण्याच्या रस्त्याला. लोखंडाच्या खाणी बंद असल्या तरी साठवलेला माल वाहणारे ट्रक बंद नव्हते, आणि ते चालू असले की कुंपणावरची जास्वंदसुद्धा तांबड्या धुळीच्या एकाच रंगाची दिसे. बायको बरोबर असली की मी काचा बंद करून एसी लावत असे. धूळ तिच्या छातीला चालत नव्हती. एकटा असलो की काचा खाली. एकट्या माणसाला एसी कशाला, आणि वहीतल्या मायलेजच्या आकड्याला धक्का कशाला. हा माझा नियम होता. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

गाडी घेऊन वर्ष होत आलं असेल. पणजीहून परत येताना ती म्हणाली, "म्हज्या पांयार उदक पडटा."

"बाटली बरी बंद कर," मी म्हणालो.

"बाटली बंदच आसा. उजव्या पांयार पडटा. थंड."

मी रस्त्यावरून नजर काढली नाही. घरी पोचल्यावर खाली पाहिलं, तर रबरी मॅटची कड किंचित ओलसर होती आणि शेजारी तिची पाण्याची बाटली आडवी पडलेली. मला तेवढं पुरलं. पुढच्या खेपेला तेच झालं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. तिने चेष्टाही करून पाहिली. "तुमच्या गाडयेक घाम येता," म्हणाली. "म्हज्यापरस तीच चड थकता."

त्याच सुमाराला डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखरेमुळे पायांच्या शिरा बोथट होतात, मुंग्या येतात, काही जणांना पाय ओले झाल्यासारखे वाटतात. मी घरी येऊन त्याबद्दल वाचलं. तसंच लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी दुसरीही गोष्ट सांगितली होती: तिच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटू लागली होती, तेव्हा पाय सदा कोरडे ठेवायचे, साखरेच्या माणसाची एवढीशी जखमही महाग पडते. त्यावरून मी तिला बोलत असे. आंघोळीनंतर पाय नीट पुसत नाहीस, म्हणत असे. ती दोन्ही पाय पुढे करून दाखवी, पुसलेले असत, तरी मी बोलत असे.

मी काहीच केलं नाही असं नाही. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. एकटाच गेलो, सकाळच्या गार वाऱ्यात, काचा खाली करून. तिथला ॲडव्हायझर कोल्हापूरकडचा, हसतमुख मुलगा. त्याने जॉब कार्ड पुढे केलं आणि तक्रार काय ते लिहायला सांगितलं. मी वहीतली ती तांबडी ओळ आठवून सुवाच्य अक्षरांत लिहिलं: पावसाचं पाणी डाव्या दारातून आत येतं.

दुपारी तो म्हणाला, "सर, अर्धा तास फवारा मारला बघा, चारी बाजूंनी. आत थेंब नाही. गाडी एक नंबर आहे तुमची."

कार्डावर इंग्रजीत छापून आलं होतं की दोष आढळला नाही. खाली शिक्का, सही. ते घेऊन मी घरी आलो आणि जेवायला बसण्याआधी बायकोच्या समोर ठेवलं.

तिने ते हातात घेतलं नाही. "हांव खंय म्हणटां पावसाचें म्हूण?" एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, पावसाचं नाही तर मग कुठलं? आभाळातून नाही तर नळातून? तिला उत्तर माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण माझ्याकडे शिक्का होता.

त्यानंतर आणखी एकदा ती बोलली, आणि मी पुन्हा ते कार्ड काढलं. मग तिने पाण्याचा विषय सोडला. पुढे पुढे ती गाडीत बसली की चपला काढून पाय वर घेऊन मांडी घालून बसू लागली. सीट प्रशस्त आहे, तिला आवडली, असं मला वाटलं. मालकांच्या त्या संकेतस्थळावर मी स्वतःचा अनुभव लिहिला, त्यात हेसुद्धा लिहिलं: पुढची सीट इतकी ऐसपैस की माझी पत्नी घरच्यासारखी मांडी घालून बसते. बऱ्याच लोकांना ते आवडलं होतं.

ती गेली ती छातीच्या दुखण्याने, पायांच्या नव्हे. हे मी मुद्दाम लिहितो. कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी स्वतःवर मोठा आळ घेतो आहे. तसं नाही. आळ लहानच आहे. लहान आहे म्हणूनच तो कोणाकडे मांडता येत नाही.

ती गेल्यावर गाडी कोरडी राहिली. मी एकटाच फिरत होतो: बँकेत, वाचनालयात, पंचायतीत दाखल्यासाठी. एक दिवस डावीकडची मॅट उचलून पाहिली. खाली कोरडं ठणठणीत. मला त्या दिवशी बरं वाटलं, हेही लिहायला हवं. बाटलीच होती, असं मी मोठ्याने म्हणालो. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

सहाव्या महिन्याच्या श्राद्धाला तिची धाकटी बहीण पेडण्याहून आली होती. जेवणं आटोपल्यावर मी तिला घरी सोडायला निघालो. ती पुढे, डाव्या सीटवर बसली. डिचोलीबाहेर ट्रकांची रांग लागली होती. तिने आपल्या बाजूची काच वर केली, मला विचारलंही नाही, आणि एसीचं बटण दाबलं. "म्हजें लुगट तांबडें जातलें, भावोजी," म्हणाली. मीही माझी काच वर केली. अस्नोडा गेलं. कोलवाळच्या पुलावर आलो तेव्हा तिने पाय झटकन मागे घेतला.

"भावोजी, गाडी थांबयात. हांगा उदक आसा."

पूल ओलांडून मी गाडी कडेला घेतली. उतरलो, तिच्या बाजूला गेलो, दार उघडलं. तिच्या उजव्या पायावर, डॅशबोर्डच्या खालून, एकेक थेंब पडत होता. आभाळ निरभ्र. बाटली कुठेच नव्हती. मी मॅट उचलली तर खालचा गालिचा भिजलेला.

"कितें हें?" मी विचारलं. खरं तर मीच तिला विचारावं असं त्यात काही नव्हतं.

"तुमकां खबर ना? ताई सदांच सांगताली." पुढचं बोलावं की नको, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "म्हणटाली, तांकां सांगलें जाल्यार कागद दाखयतात. ताकाच लागून पांय वयर घेवन बसताली ती."

म्हणजे ती मांडी ऐसपैस सीटमुळे नव्हती, या पाण्यामुळे होती. पेडण्यापर्यंत एसी बंद करायचंही मला सुचलं नाही. तीही पाय वर घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हिस सेंटरला गेलो, ते एसी लावून, काचा बंद करून. इतका राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता. तोच ॲडव्हायझर होता. मी त्याला हाताला धरून डाव्या दाराकडे नेलं आणि म्हणालो, "बघ."

त्याने वाकून बघितलं. "अहो सर, हे एसीचं पाणी. ते नळीतून गाडीखाली पडायला पाहिजे, पण ड्रेन पाइप चोक झालाय."

एका मेकॅनिकने गाडीखाली शिरून एक बोटभर जाडीची रबरी नळी शोधली आणि तिच्यात हवा मारली. तांबडा चिखल भसकन बाहेर आला, त्याच्यामागे पेलाभर पाणी. आमच्या रस्त्याची धूळ. दहा मिनिटंही लागली नाहीत.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"एवढंच बघा. खाणपट्ट्यातल्या गाड्यांना हमखास होतं."

"मग तेव्हा का सापडलं नाही? तुम्ही शिक्का मारून दिलात. मी तो कागद दाखवून एका आजारी बाईला खोटं पाडलं."

तो गोंधळला. आत गेला, जुनं कार्ड संगणकावर काढून पडद्यावर मला दाखवलं. माझ्याच अक्षराची प्रत होती. तो आवाज चढवत नव्हता, उलट अवघडून बोलत होता. "सर, तुम्ही पावसाचं पाणी लिहिलं होतं नव्हं. आम्ही पावसाचंच बघितलं. एसीचं म्हणाला असता तर त्याच दिवशी मिटलं असतं."

पावसाचं हा शब्द माझा होता. ती फक्त उदक म्हणाली होती, थंड म्हणाली होती, उजवा पाय म्हणाली होती. तेवढंच्या तेवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. चाळीस वर्षं मी मुलांच्या निबंधांत, जे पाहिलं तेच लिहा, म्हणून शेरे मारले. घरात आम्ही कोंकणी बोलायचो आणि मी लिहायचो मराठी. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, या वादाच्या दिवसांत त्यावरून मी घराघरांतून तावातावाने भांडलो. माझ्याच घरातल्या माणसाचं एक वाक्य कागदावर जसंच्या तसं उतरवणं मात्र मला जमलं नाही.

तरी मी हट्ट धरला. नवीन कार्डावर लिही, म्हणालो: आधीची तक्रार खरी होती.

"तसा कॉलम नाही सर."

"मग शेऱ्यात लिही."

त्याने टाइप करून पाहिलं. पडदा तांबडा झाला. "घेत नाही बघा. जुनी तक्रार क्लोज झालीय. आजचं फक्त जनरल चेकअप म्हणून टाकता येतं."

जनरल चेकअप म्हणून पडलं. मी सही केली. दुसरं काय करणार होतो?

घरी येऊन मेव्हणीला फोन केला. पाइप, धूळ, चिखल, जुनं कार्ड, सगळं क्रमाने सांगितलं. पावसाचं हे मी लिहिलं होतं तेही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भावोजी," ती म्हणाली, "तें म्हाका सांगून कितें जातलें?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मला सांगून काय होणार, असं तिने खरोखरच विचारलं होतं, आणि उत्तराची वाट पाहत थांबली होती. मग तिच्याकडे कोणी आलं आणि तिने फोन ठेवला.

मी बाहेर जाऊन गाडी सुरू केली आणि एसी लावून आत बसून राहिलो. पेट्रोल जळत होतं, जळो. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. पलीकडची शेजारीण कपडे काढायला गच्चीवर आली होती, तिने वरूनच हाक मारली.

"मास्तर! तुमची गाडी गळटा मरे! सकयल पळयात, सगळें उदक!"

ते तिथेच पडायचं असतं, असं मी म्हणणार होतो. तोंडाशी आलंही होतं. पण मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो, गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं. मातीत हातभर ओल पसरली होती.

"होय," मी वर बघून म्हणालो, "गळतंय."