कैसरची दाढी

आमच्या सासऱ्यांना राजांचा नाद होता. सचिवालयात कारकून, पगार बेताचा, पण नागपूरच्या महाल वस्तीतल्या आमच्या घराच्या बैठकीत विलायतेचा बादशहा, रशियाचा झार, जर्मनीचा कैसर आणि ऑस्ट्रियाचा म्हातारा सम्राट अशा चार तसबिरी ओळीने टांगलेल्या होत्या. मी लग्न होऊन सावनेरहून आले तेव्हा देवांना नमस्कार झाल्यावर या चौघांनाही करायला लावला होता. सासूबाई तर सणासुदीला त्यांच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं लावत. पहिले तिघे आपसात मामे-मावस भाऊ आहेत असं सासऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं.

पुढे या भावाभावांतच लढाई जुंपली. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे भाऊबंदकीच की. त्यांच्या माहेरी एका गोठ्यावरून दोन पिढ्या कज्जा चालू होता, त्यामुळे त्यांना या युद्धात नवल असं काही वाटलं नाही. सासरे मात्र धास्तावले. सरकारी नोकराच्या घरात दुष्मनाची तसबीर कशी ठेवायची? त्यांनी कैसर आणि ऑस्ट्रियावाला खाली उतरवले, काचा काढून घेतल्या आणि दोघांना न्हाणीघरातल्या बंबात घातलं. त्या दिवशी आंघोळीचं पाणी फार लवकर तापलं. भिंतीवर दोन खिळे तेवढे रिकामे राहिले.

सासऱ्यांची पेन्शन तेव्हा तोंडावर आली होती. आयुष्यभर मान खाली घालून लिहिलेल्या माणसाला एकच काळजी, शेवटच्या दिवसांत साहेबाची मर्जी खप्पा होऊ नये. तेवढ्यात पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे राक्षसिणीच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते आणि तिच्यासोबत बडगे. ज्याचा राग येईल त्याचा पुतळा करायचा, गाढवावर बसवून गावभर फिरवायचा, जोडे मारायचे आणि रोगराई-इडापिडा घेऊन जा म्हणून वेशीबाहेर जाळायचा. सासऱ्यांनी गल्लीतल्या तरण्या मंडळींना सुचवलं, यंदा कैसरचा बडग्या काढा. वर ऑफिसात साहेबाच्या कानावरही घातलं. साहेब खूश झाला आणि म्हणाला, मी चौकात बघायला येतो.

मुखवटा करायचं माझ्याकडे आलं. माहेरी भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती रंगवण्यात माझा हात बसलेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कैसर समोर हवा ना, तो तर बंबात गेलेला. त्याच्या मिशांची टोकं वर वळलेली होती एवढं आठवत होतं, बाकी चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. सासूबाई म्हणाल्या, भाऊच आहे ना, मग बादशहाचं पाहून काढ आणि मिशा वर कर. मला ते पटलं. एका फुटक्या माठावर कागदाचा लगदा थापून बादशहाचं नाक, बादशहाचे डोळे उतरवले. सावनेरच्या कापसाला काजळ माखून खळीने बादशहासारखीच दाढी चिकटवली आणि त्यावर टोकदार मिशा चढवल्या. काम छान झालं होतं, मी खोटं कशाला बोलू.

त्या दिवसांतली दमट हवा. सकाळी उठून पाहते तर खळ सैल होऊन मिशांची टोकं खाली आलेली आणि अंगणात विलायतेचे बादशहा जोडे खायला तयार उभे. सासरे कोट घालून बाहेर आले आणि तिथेच ओट्यावर बसले. सासूबाईंनी पुतळ्याला खालून वर न्याहाळलं.

"काय केलं वं हे? हा तर आपलाच राजा वाटून राहिला."

सासऱ्यांचा चेहरा पाहून मला पुढचं सगळं दिसलं. साहेब चौकात येणार, त्याच्यासमोर त्याचाच राजा गाढवावर बसून येणार, आणि आमची पेन्शन गाढवासोबतच वेशीबाहेर जाणार. मला रडूच फुटलं. सासरे माझ्याशी कधीच थेट बोलत नसत, सुनेशी बोलायचं ते सासूबाईंमार्फत, मग मी हाताच्या अंतरावर का उभी असेना. तेव्हाही ते बायकोकडेच वळले.

"तिले विचार, कैसरले दाढी होती असं कोणं सांगितलं?"

सासूबाईंनी मला विचारलं. मी सासूबाईंना सांगितलं, तुम्हीच म्हणालात भावाचं पाहून काढ. यावर सासूबाईंनी नवऱ्याला फक्त एवढंच कळवलं की पोर घाबरून गेली आहे.

सासरे उठले. ऑफिसातल्या साहेबांचं पाहून ते स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले होते, गल्ली त्यावर मागून हसायची. आज तो वस्तरा कामाला आला. दाढीखालची खळ मात्र घट्ट धरून बसलेली, कोरडी निघेना म्हणून त्यांनी साबणाचा फेस केला, पुतळ्याच्या गळ्याखाली पंचा बांधला आणि भर अंगणात कैसरची दाढी करायला बसले. गाल कापू नये म्हणून लगद्याचासुद्धा गाल बोटाने ताणून धरत होते. सारी गल्ली जमली, पण हसायची कोणाची टाप नव्हती.

दाढी निघाली तर खाली हनुवटीच नाही, माठ नुसता आत वळलेला. सासूबाईंनी पुरणपोळीची उरलेली कणीक आणून हनुवटी बसवली, मी तिच्यावर गेरू फिरवला. मिशांना गुळाचा पाक लावला, त्या अशा ताठ झाल्या की खऱ्या कैसरने हेवा करावा. गुळामुळे माश्यांचं मोहोळ मात्र चौकापर्यंत सोबत गेलं. साहेबाला त्या माश्याच सगळ्यांत आवडल्या, असं मंडळींनी येऊन सांगितलं. तो पोट धरून हसला आणि पहिला जोडा मारायचा मान त्याने सासऱ्यांना दिला.

सासऱ्यांनी जोडा हातात घेतला, पुतळ्यापाशी गेले आणि जोडा शेजारच्या पोराच्या हाती देऊन परत आले.

"ज्याची दाढी केली त्याले जोडा कसा मारू गा?" असं त्याला हळूच म्हणाले.

पेन्शन वेळेवर मिळाली. लढाई संपेपर्यंत भिंतीवरचा झारही राहिला नाही. त्याला बायकापोरांसकट मारल्याचं कळलं तेव्हा सासूबाईंनी तसबीर उतरवून आंघोळ केली आणि दिवसभर जेवल्या नाहीत. त्याच्या पोरींची नावंही त्यांना माहीत नव्हती, पण रडल्या पोटच्या पोरींसारख्या. कैसर जिवानिशी सुटला. राज्य सोडून परमुलखात एका वाड्यात राहून लाकडं फोडतो, असं सासरे पेपरातून वाचून दाखवत.

मग एका दुपारी, सासूबाई शेजारी गेलेल्या असताना, सासरे पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी पदर सावरून उभी राहिले. त्यांनी पेपर माझ्यापुढे धरला. कैसरचा फोटो होता, केस पिकलेले, खांद्यावर शाल, आणि चेहऱ्यावर चांगली भरघोस दाढी. नाकडोळे तर थेट मी माठावर काढलेलेच.

"सूनबाई," ते म्हणाले. मी घरात आल्यापासून पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलत होते. "तुमची दाढी बरोबर होती. आपणच घाई केली."

मी मान खाली घालून हसले, डोळे मात्र भरून आले. त्यांनी कात्री मागितली, फोटो कडेने नीट कापला, जुन्या काचेखाली बसवला आणि बैठकीतल्या त्या रिकाम्या खिळ्यावर टांगला. सासूबाई परतल्या तेव्हा दारातच थबकल्या. दुष्मन घरात कसा आला म्हणून त्यांनी विचारलं.

"राहू दे," सासरे म्हणाले. "तोही आता पेन्शनीतच आहे."