मस्कतची रंगीत तालीम

पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या यूनुसभाईंचं विमान कधी उशिरा सुटत नाही. दारात पाहुणे येवोत की गव्हाणची गंगाबाई मासळीची पाटी घेऊन जिना चढून येवो, आतून एकच उत्तर मिळतं: उड्डाण चाललंय, नंतर या. विमान अर्थात कॉम्प्युटरवरचं. मुलगा अरसलान पुण्याला नोकरीला गेला तेव्हा आपला कॉम्प्युटर आणि जॉयस्टिक मागे टाकून गेला. मस्कतमध्ये बावीस वर्षं एसी दुरुस्त करून परतलेल्या बापाला रिकामा वेळ खायला उठला होता. त्याने जॉयस्टिक हातात धरली ती धरलीच.

बाकीचे लोक असल्या खेळात पुलाखालून विमान काढतात, डोंगरावर आपटतात आणि हसत हसत पुन्हा सुरू करतात. यूनुसभाईंना हा पोरकटपणा खपत नाही. त्यांचं उड्डाण आदल्या दिवशीच सुरू होतं. खऱ्या कंपनीचं खरं वेळापत्रक बघायचं, त्यातलं एक विमान निवडायचं, त्या दिवसाचा खरा वारा, खरे ढग घ्यायचे. मग हवेतल्या वळणांची ती पाच पाच अक्षरांची, कुठल्याच भाषेत अर्थ नसलेली नावं जोडून रस्ता आखायचा. मग इंधन: जायला लागेल तेवढं, वर घिरट्या घालायला थोडं, आणि मुक्कामाचं विमानतळ बंद निघालं तर दुसरीकडे जाऊन उतरायला आणखी. प्रवाशांच्या सामानाचं वजनसुद्धा ते मनाने वाढवून धरतात. कोकणातून आखातात निघालेल्या माणसाच्या बॅगेत सुकट, लोणचं आणि मसाला ठरल्या वजनात कधी बसलाय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या बॅगा भरल्या आहेत, त्यामुळे या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एवढा सगळा खटाटोप करणाऱ्या माणसाची बायको, शहाबानो, जन्मात विमानात चढली नव्हती. नवरा मस्कतला असताना त्याने किती वेळा बोलावलं, पण दर वेळी तिचं एकच, "मला नाय जमायचं." उलव्याच्या बाजूच्या नव्या विमानतळावरून खरीखुरी विमानं उठायला लागली तेव्हाही ती गच्चीवर गेली, बघितलं आणि वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करून खाली आली.

आता मात्र पेच पडला होता. मुलगी जास्मीन लग्नानंतर मस्कतलाच असते, तिला सातवा लागला होता, आणि सासू हयात नव्हती. बाळंतपणाला अम्मी हवी म्हणून ती फोनवर रडायची. शहाबानोही फोन ठेवून रडायची, आणि तरी नाहीच म्हणायची. उरणची लेक ती; तिच्या माहेराजवळच्या बंदरातून एवढे कंटेनर दर्यापार जातात, त्यातून एखादं माणूस का जात नाही, असं तिने एकदा गंभीरपणे विचारलं होतं.

समजुतीचे शब्द संपल्यावर यूनुसभाईंनी रंगीत तालीम ठरवली. दुपारचं, मुंबई ते मस्कत, अगदी खऱ्या वेळेला. दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. शहाबानो यायला तयार झाली, पण हातातलं काम सोडणार नव्हती, म्हणून तांदळाचं ताट मांडीवर घेऊन बसली. त्या दिवशी समुद्रावर ढग होते. स्वच्छ हवा निवडायला एक बटण पुरलं असतं आणि यूनुसभाईंचं बोट तिथवर गेलंही. पण खोट्या हवेतून बायकोला नेलं तर खऱ्या हवेत तोंड काय दाखवणार? त्यांनी बोट मागे घेतलं.

विमान उठलं, पाणी लागलं आणि ढगात शिरताच पडद्यावरचं चित्र हलू लागलं. शहाबानोने ताट घट्ट धरलं. मस्कतला उतरायला जागाच नाही मिळाली तर, असं तिने विचारलं. यूनुसभाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की ओमानच्या दुसऱ्या टोकाच्या सलालापर्यंतचं इंधन बाजूला ठेवलंय. त्यावर ती म्हणाली की लेक मस्कतला आणि आपण सलालाला, ही कुठली अक्कल. पण ती उठून गेली नाही.

ढग मागे पडले तेवढ्यात खालच्या मशिदीतून तिसऱ्या प्रहराच्या असरची अजान झाली. यूनुसभाईंनी विमान आपलं आपण उडेल अशी सोय केली, हातपाय धुऊन वजू करून आले आणि कोपऱ्यात मुसल्ला अंथरून नमाज पढली. परत येऊन खुर्चीत बसतात तर शहाबानो त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"दोनच रकाती पढल्यात?"

"सफरमध्ये आहे ना," ते म्हणाले.

मुसाफिराला असरच्या नमाजातल्या चार रकातींऐवजी, म्हणजे चार आवर्तनांऐवजी, दोनचीच मुभा असते, हे दोघांनाही चांगलं ठाऊक. वाक्य तोंडातून गेल्यावर यूनुसभाईंनी वर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघितलं, मग खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या बिल्डिंगकडे, आणि त्यांचे कान लाल झाले. शहाबानो इतकी हसली की निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत मिसळले. "अल्लाह माफ करो," असं पुटपुटत यूनुसभाई पुन्हा मुसल्ल्याकडे गेले आणि चार पुऱ्या रकाती पढून आले.

तोवर तिचं हसू थांबलं होतं. डोळे पुसत ती पडद्यावरच्या निळ्या पाण्याकडे बघत होती.

"दोन रकातींची एवढी हौस असंल तर खरा सफर करा," ती म्हणाली. "तिकिटं काढा. दोघांची."

मस्कतला उतरायची तयारी करायची जागा केव्हाच मागे पडली होती आणि विमान सरळ पुढे चाललं होतं. आनंदात यूनुसभाईंनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. पण मनुष्य हिशेबी, राहवेना. वर गेल्यावर भीती वाटली तर, असं त्यांनी हळूच विचारलं.

"वाटंल की," शहाबानो म्हणाली. "बावीस वर्षं तुमी वर उडत होतात, आनि पोचल्याचा फोन येईस्तोवर मी इथं बसून एकटी घाबरत होते. आता तुमच्या शेजारी बसून घाबरेन."