गंजावरचं नाव

शाळेत खिचडी रांधायचं काम माहं. खिचडी शिजवायचे दोन मोठे गंज चोरीले गेले, तवा मोठ्या बाई म्हणल्या, "मावशी, तिसरा गेला तर तुमचं कामही गेलं." म्हणून नवा गंज डोक्यावर घेतला अन् महालच्या बाजारात भांड्यावर नाव टाकणाऱ्याकडे गेली. शाळेचं नाव टाक म्हणून सांगतलं.

त्याच्या चष्म्याले दोरा बांधला होता. एक अक्षर टोचे, फुंकर मारे, मान वाकडी करून पाहे. माहा अर्धा दिवस खाल्ला त्यानं. मले वाचता येत नाही. जे टोचलं ते घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी पोट्टे गंजापाशी हासून राहिले होते. एका पोरीनं वाचून दाखवलं, "हा गंज चोरीचा आहे."

तशीच परत गेली. "काहून गा, मले चोर ठरवून राहिला?"

मान वर न करता म्हणे, "शाळेचं नाव पाहून कोणता चोर थांबला, माय? आता हा विकत घेईन कोण?"

त्यानंतर नळाच्या तोट्या गेल्या, पंखा गेला. गंज हाय तिथंच हाय. पण तपासणीचे साहेब येतात, गंज वाचतात, अन् मंग माह्या तोंडाकडे पाहतात.