पंखा थांबेपर्यंत उखाणा

मंडळी, आज दुपारी कोपरला आमच्या सोसायटी हॉलमध्ये बाबांच्या साठीला जुने फोटो दाखवले. प्रोजेक्टर मित्राचा आणलेला.

शेवटचा फोटो संपला तशी आई सवयीने थेट भिंतीवरचं बटण बंद करायला निघाली.

मी ओरडलो, "आई, थांब! आधी रिमोटने बंद करायचा. मग आतला पंखा थांबेपर्यंत बटणाला हात नाही लावायचा, प्रोजेक्टर गरम असतो!"

आईने रिमोट दाबला. "मग तोवर काय करू?"

"उखाणा घे!" मावशी म्हणाली.

आईने लगेच घेतला.

"प्रोजेक्टर होतोय गार, पंखा फिरतोय आत,
सुरेशरावांच्या हातात पस्तीस वर्षं माझा हात!"

टाळ्या संपेपर्यंत पंखा थांबला. आई म्हणाली, "करू आता बंद?"

बाबा लाजत म्हणाले, "नको, परत चालू कर. अजून एक होऊ दे."

सांगा, हा माणूस साठीचा वाटतो का?